कडेचे खांब

"वेग गाडीत नसतो, रस्त्याच्या कडेला असतो," असं तो एकदा चहा पिता पिता म्हणून गेला होता. ऑफिसातल्या कुणीतरी ते वाक्य कागदावर लिहून पाण्याच्या कूलरवर चिकटवलं. थट्टा म्हणूनच. कागद पिवळा पडला, त्याचा एक कोपरा सुटून पंख्याच्या वाऱ्यावर हलत राहिला, पण कुणी तो काढला नाही, कारण ते खोटं नव्हतं.

ऑफिस होतं टायरच्या दुकानाच्या वर. तीन खोल्या, बारमाही बंद खिडक्या, जिन्यात रबराचा वास. दुकान मालकांच्या थोरल्या भावाचं. "खाली दादा खरे टायर विकतो, वर मी खोटे," असं मालक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचे आणि स्वतःच हसायचे. तिथे मोटारींच्या शर्यतीचे व्हिडिओ गेम बनत. गाड्या एक जण काढायचा, रस्ते दुसरा, आवाज एक बाई करायच्या, आणि वेग हा करायचा. त्याच्या कामाला धड नाव नव्हतं. नातेवाइकांत कुणी विचारलं की बायको "कॉम्प्युटरमध्ये आहेत," म्हणून विषय मिटवायची. ऑफिसात त्याला सगळे मास्तर म्हणत.

खेळणाऱ्याला वाटतं, काट्यावर तीनशेचा आकडा आला म्हणजे गाडी तीनशेनं पळाली. आकडा काय, कुणीही टाकतो. मोकळ्या माळावरून सरळ रस्ता काढा आणि काट्यावर हजार लिहा, गाडी जागची हलल्यासारखी वाटणार नाही. त्याच रस्त्याला खेटून खांबांची रांग उभी करा, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणा, काट्यावर नुसते साठ ठेवा, माणूस खुर्चीचे हात घट्ट धरतो. डोळ्याच्या मधल्या भागाला वेगातलं फारसं काही कळत नाही. तो पाट्या वाचतो, चेहरे ओळखतो, वळण केवढं आहे ते जोखतो. वेग कळतो डोळ्याच्या कोपऱ्यांना, जिथे काहीच नीट दिसत नाही. आणि माणूस घाबरतो तोही नीट न दिसणाऱ्या गोष्टींनाच. मास्तरचं पोट या भीतीवर चालत होतं.

हे तो शिकला बाबांच्या बसमध्ये. बाबा लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर होते. सुट्टीत कधीमधी ते त्याला बरोबर न्यायचे आणि आपल्या शेजारी, इंजिनाच्या गरम झाकणावर जाड घडी घातलेल्या सतरंजीवर बसवायचे. "समोर बघ. कडेला बघायचं नाही, मळमळेल," एवढंच सांगायचे, आणि मग दिवसभर तोंडातून अवाक्षर नाही. तो अर्थातच कडेलाच बघायचा. खांब, कुंपणं, पुलाचे कठडे अंगावर येत आणि कानामागे जात. एकदा ओकारी आली तर बाबांनी गाडी न थांबवता एका हातानं बादली पुढे केली. रागावले नाहीत, पाठीवर हातही फिरवला नाही. बादली केली पुढे, बस्स.

शाबासकी हा प्रकार बाबांकडे नव्हताच. मुलगा पहिल्या वर्गात पास झाला तेव्हा ते "बरं" म्हणाले, नोकरीला लागला तेव्हा "बरं", लग्न ठरलं तेव्हा मुलीच्या वडिलांकडे बघून पुन्हा "बरं". सासरे बिचारे बरेच दिवस विचार करत होते की यांचं काही बिनसलंय का.

त्यामुळे पहिल्या गेमच्या वेळी जे झालं ते तो विसरू शकला नाही. बाबा नुकतेच निवृत्त झाले होते. हॉलमधल्या टीव्हीला त्यानं गेम जोडला होता, टेबलावर खेळण्यातलं स्टिअरिंग बसवलं होतं. पायाशी पेडल वगैरे नव्हतं, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही बोटांशी. बाबा नाही नाही म्हणत खुर्चीत बसले आणि तोंड वाकडं करून गाडी चालवू लागले. बोगदा संपून गाडी उतारावर सुटली, समोर एकदम वळण आलं, आणि टेबलाखाली धप्प असा आवाज झाला. त्यानं वाकून बघितलं. बाबांचा उजवा पाय जमिनीत रुतल्यासारखा दाबलेला होता. नसलेला ब्रेक. चेहरा दगडासारखा, बोटं सवयीनं स्टिअरिंगवर, आणि पाय मात्र जिवाच्या आकांतानं बस थांबवत होता.

"कसं वाटलं?" त्यानं विचारलं.

"बरं."

पण पायानं काय ते सांगून टाकलं होतं. बाबांनी दिलेली ती एकुलती एक दाद. ती बाबांना स्वतःला ठाऊक नव्हती म्हणूनच खरी होती.

तेव्हापासून ही त्याची कामाची रीतच झाली. ऑफिसात गेम खेळून बघायला माणसं यायची, त्यांना तो कधी 'कसं वाटलं' विचारायचा नाही. "तोंड काय, समोरच्याचं मन राखतं," म्हणायचा, "पाय नाही राखत." तो पाय बघायचा, मान बघायचा, ओठ आवळले का ते बघायचा. आणि शेवटचा कौल बाबांचा. रविवारी नवा रस्ता घरी यायचा, बाबा स्टिअरिंगला बसायचे, आणि तो स्क्रीनकडे पाठ करून टेबलाखाली बघत बसायचा. पाय दाबला गेला की वेग जमला. नाही दाबला, की सोमवारी पुन्हा खांब हलवायचे. इतक्या वर्षांत टेबलाखालच्या चटईला बाबांच्या पायानं एक विरलेला गोल पडला होता. बायकोनं चटई बदलायचं काढलं तेव्हा तो म्हणाला, "राहू दे गं." ती म्हणाली, "लोक ट्रॉफ्या ठेवतात, तुम्ही भोक पडलेली चटई ठेवा."

या वेळच्या गेमला तो पाय हलेना.

पहिल्या रविवारी त्यानं मनावर घेतलं नाही. रस्ताच कंटाळवाणा आहे, असं स्वतःला सांगितलं. खांब जवळ आणले, कठडा उंच केला, झाडांच्या फांद्या रस्त्यावर ओढल्या. पुढच्या रविवारी बाबा शांतपणे तेवढ्याच चेहऱ्यानं सगळा रस्ता पार करून आले. गाडी कडेला घासत होती, मधूनच खांबाला धडकत होती, पण ते डुलकी लागल्यासारखे बसले होते.

"रांगतेय," बाबा म्हणाले.

"रांगतेय म्हणजे?"

"म्हणजे रांगतेय. आमची जुनी गाडी रिव्हर्समध्ये याच्यापेक्षा जास्त पळायची."

"बाबा, अहो, ऑफिसात लोक घाबरतायत हो."

"तुमच्या ऑफिसात सगळे रिक्षानं येणारे."

बायको आतून हसली. तिचं हसणं त्याला टोचलं.

मग तो इरेला पेटला. जेवता जेवता टेबलावर चमच्यांचे खांब मांडू लागला. गाडीनं वेग घेतला की कॅमेऱ्याची नजर रुंद होते आणि कडेचं सगळं ताणलं जाऊन मागे फेकलं जातं. ती नजर त्यानं आणखी रुंद केली. गिअर बदलताना आवाज क्षणभर पडतो आणि मग दुप्पट जोरानं उसळतो. तो क्षण लांबवला. सूर्य एका बाजूला आणला, म्हणजे खांबांच्या सावल्या पट्ट्यापट्ट्यांनी डोळ्यांवरून सपासप जातील. रस्ते काढणारा वैतागला. "मास्तर, अजून किती खांब? हा रस्ता आहे का कंगवा?" तो म्हणायचा. पण खांब द्यायचा.

ऑफिसात माणसं आजारी पडू लागली. खरोखरच. आवाज करणाऱ्या ताई, ज्यांनी इंजिनं, वारा, टायरचं किंचाळणं सगळं कानांनी गोळा केलेलं, त्या आता स्क्रीनसमोर बसताना मांडीवर प्लास्टिकची पिशवी घेऊन बसत. गाड्या काढणाऱ्यानं डोकेदुखीची गोळी टेबलावर कायमची मांडून ठेवली. बाहेरून खेळायला आलेला एक धडधाकट माणूस दुसऱ्या वळणालाच उठला, भिंतीला धरून जिन्यापर्यंत गेला आणि खाली टायरच्या ढिगावर बसून राहिला. मालकांच्या भावानं वर निरोप पाठवला की तुमचं गिऱ्हाईक आमच्याकडे आलंय, त्याला टायर नकोयत, पाणी हवंय.

मालकांनी त्याला बोलावलं. मालक मऊ बोलायचे, त्यामुळे त्यांच्याशी भांडताही यायचं नाही.

"मास्तर, जरा कमी करू या का?"

"वेग अजून जमलेला नाही."

"जमलेला नाही? माणूस ओकला की."

"ओकणं म्हणजे वेग नव्हे."

"मग वेग म्हणजे काय?"

यावर त्याच्याकडे उत्तर होतं, पण ते मालकांना सांगण्यासारखं नव्हतं. माझे बाबा ब्रेक दाबत नाहीत, हे कारण एखाद्या मोठ्या माणसानं द्यायचं कसं? तो टेबलावरची पेन्सिल खांबासारखी उभी करत राहिला. मालकांनी त्याचा अर्थ आपल्या परीनं घेतला. "हे बघा, पुढच्या आठवड्यात गेम विकत घेणारे बघायला येतायत. ते ओकले तर आपलं दुकान उठलं. तुम्हाला जमत नसेल तर वेगाचं काम रस्तेवाल्याकडे देतो. तुम्ही जरा विश्रांती घ्या." विश्रांती हा शब्द त्यांनी अशा मायेनं उच्चारला की त्याच्या अंगाची लाही झाली.

त्या संध्याकाळी घरी आला तर बायको कपाळाला आठ्या घालून बसलेली. घरच्या गाडीचा डावा आरसा पुन्हा तुटला होता.

"बाबा म्हणतात, उभ्या गाडीला कुणीतरी ठोकलं."

"मग ठोकलं असेल."

"मागच्या महिन्यात पण डावाच गेला होता. आणि आज दाराच्या चौकटीला खांदा आपटला त्यांनी. रोज जातात त्या दारातून. मला आपलं वाटतं, एकदा डोळे दाखवून घ्यावेत."

"अगं, समोरच्या इमारतीवरच्या पाटीवरचा फोन नंबर वाचून दाखवतात ते. तुला दिसतो का?"

तिला दिसत नव्हता. त्यालाही नाही. बाबांना मात्र तो पाठ म्हटल्यासारखा वाचता यायचा, आणि कुणी डोळ्यांचा विषय काढला की ते खिडकीत उभे राहून तो नंबर वाचून दाखवायचे. विषय संपायचा. निवृत्तीनंतरही गाडी त्यांच्याच हातात होती. आठवड्यातून दोन दुपारी नातीला शाळेतून उचलायचं आणि पोहायला न्यायचं, हे त्यांचं काम. हातात स्टिअरिंग असताना फोन उचलायचा नाही, हा बसवरचा नियम ते तिथेही पाळायचे. "हल्ली माणसं कुठूनही उगवतात," एवढीच त्यांची रस्त्याबद्दल तक्रार. "आधी दिसायची येताना. आता एकदम समोर."

"आजोबा गंमतच करतात," मुलगी जेवताना म्हणाली होती. "मी बाजूला उभी असते नि मलाच हाका मारतात."

"खोडी काढतात तुझी," तो म्हणाला होता, आणि ताटातल्या चमच्याला डोळ्याच्या कोपऱ्यात धरून, तो किती जवळ आणला की अंग आक्रसतं ते बघत बसला होता.

रविवार आला. आता शेवटचाच. आठवडाभर जे काही अंगात होतं ते सगळं त्यानं त्या रस्त्यात ओतलं होतं. खांब इतके जवळ की गाडीचा रंग खरवडला जावा. त्याला स्वतःला सवय असूनही मधल्या बोगद्यात पोटात गोळा आला होता, आणि त्या गोळ्याचा त्याला अभिमान वाटला होता. यावर जर तो पाय हलला नाही, तर मग काय. या 'काय'च्या पुढे तो गेला नव्हता.

बाबा बसले. मुलगी सोफ्यावरून दोन मिनिटं बघत होती, मग "मला गरगरतंय," म्हणून उशीत तोंड खुपसून पडली. तो टेबलाखाली बघत होता. बाबांच्या पायात घरातली चप्पल होती. अंगठा जरासा वर उचललेला. बोगद्याचा आवाज सुरू झाला, ताईंनी केलेला तो वाऱ्याचा लोंढा हॉलमध्ये घुमला. आता, तो मनात म्हणाला. आता उतार. आता वळण. अंगठा वर खाली झाला. बाबांनी पायानं दुसरा पाय खाजवला.

तो टेबलाखालून वर आला तेव्हा त्याचा चेहरा लाल झाला होता.

"तुम्ही मुद्दाम करताय."

"काय मुद्दाम?"

"तुम्हाला काहीच होत नाही? काही म्हणजे काहीच? बघा, पोरगी तिकडे पालथी पडलीय."

"पोरीचं काय सांगतोस? लहान आहे ती." बाबांनी स्टिअरिंग हातानं लांब सारलं. टेबलाच्या कडेला पाण्याचा ग्लास होता, तो लवंडला. त्यांनी पाण्याकडे असं बघितलं की जणू तो ग्लास आत्ताच कुणी आणून ठेवला. "तू जन्मभर खुर्चीत बसलेला. तुला वेग म्हणजे काय ते कुठून कळणार? मी सांगतोय रांगतेय, तर रांगतेय."

"तुम्हाला आता कशाचंच काही वाटेनासं झालंय," तो म्हणाला. आवाज चढला होता. "माझ्या बाबतीत तर कधी वाटलंच नाही म्हणा."

बायको दारात येऊन उभी राहिली. बाबा उठले. जाताना त्यांचा खांदा चौकटीला लागला, ते थबकले, आणि चौकटीवर हात ठेवून, मागे न बघता म्हणाले, "मी काय खोटं बोलू तुझ्याशी?"

त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. घरात कुणी भांडलेलं नसतानाही वातावरण तंग असतं तसं नव्हे. चांगलं भांडून झाल्यावरचं. बाबा आपला चहा आपण करून घेऊ लागले आणि दर वेळी कपाच्या शेजारी ओट्यावर थोडा सांडू लागले. तो ते पुसायचा आणि पुसताना दात ओठ खायचा.

गेम विकत घेणारे यायच्या आधी ऑफिसात निर्णयाचा दिवस ठरला होता. त्या सकाळी तो बूट घालत असताना बायको पोहण्याची पिशवी भरत होती.

"आज तिला आणायला तुम्ही जाल का?"

"आज? आज माझा निकाल आहे तिकडे."

"नाही, आपलं म्हटलं. मलाही सुट्टी मिळत नाही. बाबांना सांगायला जड जातं, पण..."

"पण काय? आयुष्यभर गाडी चालवलीय त्यांनी. चाळीस माणसं घेऊन. तुझ्या आरशाच्या नादात मला उशीर करू नकोस."

तो जिना उतरताना त्याला वरून बाबांचा आवाज ऐकू आला. नातीला सांगत होते, "शाळेच्या दाराशीच थांबायचं. इकडे तिकडे जायचं नाही. मग मला दिसत नाहीस तू."

दुपारी मधल्या खोलीत सगळे जमले. मोठ्या पडद्यावर रविवारचाच रस्ता होता. त्यानं त्यातला एक खांबही कमी केला नव्हता. मालक पुढच्या खुर्चीत, त्यांच्या बाजूला रस्तेवाला हाताची घडी घालून, जरा अवघडलेला, कारण दुसऱ्याच्या ताटातलं आपल्याला वाढणार आहेत हे त्याला कळलेलं. ताई मागे, पिशवीसकट.

मालकांनी स्टिअरिंग घेतलं. बोगद्यापर्यंत टिकले. मग डोळे मिटून त्यांनी मान बाजूला केली, आणि पडद्यावरची गाडी कठड्याला घासत, ठिणग्या उडवत थांबली.

"नाही हो, मास्तर," ते म्हणाले. कपाळावर घाम होता. "हे नाही विकलं जायचं. मी तुमच्या पाया पडतो, पण हे कमी करा."

"अजून..." त्यानं सुरुवात केली.

"अजून काय? अजून काय राहिलंय? माणूस मरायचा राहिलाय."

तेव्हा ताई पुढे आल्या. "मी एक सांगू का? मला आवाज जुळवायला हे दिवसभर बघावं लागतं. मी एक युक्ती काढलीय." त्यांनी मालकांना सरकायला सांगितलं, गाडी पुन्हा सुरू करून दिली, आणि दोन्ही तळवे कानशिलांना लावून, घोड्याला झापडं लावतात तसे डोळ्यांच्या दोन्ही बाजूंनी आडवे धरले. "असं धरलं की मला काही होत नाही. मधलंच तेवढं दिसतं. मग मास्तरांची ही भुताची गाडी एकदम गरीब होते."

"बघू," म्हणत मालकांनीही तळवे लावले. रस्तेवाल्यानं हात लांब करून स्टिअरिंग सांभाळलं. गाडी बोगद्यात शिरली, खांब सुटले, वाऱ्याचा लोंढा खोलीभर झाला. मालक तसेच बसून राहिले, लहान मुलासारखे तोंड उघडं टाकून.

"अरे, खरंच की," ते म्हणाले. "ही तर रांगतेय."

त्याला तो शब्द मालकांच्या तोंडून आल्याचं आधी कळलंच नाही. तो बाबांच्याच आवाजात ऐकू आला होता. तो दोन पावलं पुढे गेला, पडद्यासमोर उभा राहिला आणि त्यानं आपले तळवे कानशिलांना लावले.

समोर एक लहानशी, स्वच्छ चकती होती. तिच्यात रस्ता होता, लांबची पाटी होती, पाटीवरचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. खांब नव्हते. कठडा नव्हता. आठवडाभर रक्त आटवून त्यानं जे जे उभं केलं होतं त्यातलं काहीही नव्हतं. गाडी आपली चालली होती, निवांत, दुपारच्या झोपेसारखी. मग चकतीच्या मधोमध एकदम एक वळण आलं, कुठूनही न येता आलं, आणि त्याच्या डोक्यात बाकीचं सगळं एकामागून एक येऊन उभं राहिलं. दाराची चौकट. डावा आरसा. लवंडलेला ग्लास. शेजारी उभी असलेली पोरगी आणि तिला मारलेल्या हाका. बाबांच्या डोळ्यांचं मधलं तेवढं शाबूत होतं. कडा गेल्या होत्या. त्या कधी गेल्या ते त्यांना स्वतःलाही कळलं नसणार, कारण गेलेलं दिसत नाही. आणि ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्यापुरता वेग उरलाच नव्हता. गाडी कितीही पळाली तरी त्यांच्यासाठी ती रांगतच असणार होती.

आणि तो, ज्याला या कडांखेरीज जगातलं दुसरं काही येत नव्हतं, दर रविवारी टेबलाखाली बघत बसला होता. पायाकडे.

त्यानं हात खाली घेतले. खांब एकदम अंगावर आले. भिंतीवरच्या घड्याळाकडे त्याची नजर गेली. शाळा सुटली होती. आता बाबा तिला घेऊन मोठ्या रस्त्याला लागले असतील, समोरच्या बसचा नंबर तिला वाचून दाखवत.

त्यानं खिशातून फोन काढला आणि कानाला लावला. घंटा वाजत राहिली. बाबा गाडी चालवताना फोन उचलत नसत. घंटा संपली. त्यानं पुन्हा लावला. पुन्हा संपली.

"मग काय म्हणता, मास्तर?" मालकांनी विचारलं. त्यांचा आवाज आता मोकळा झाला होता, युक्ती सापडल्यामुळे. "कडा जरा झाकून टाकू या, नाही का? सोपं आहे की. तुम्हीच करा, काम तुमच्याकडेच राहू दे. बोला."

रस्तेवाल्यानं स्टिअरिंग सोडून त्याच्याकडे बघितलं. ताई म्हणाल्या, "मास्तर, बरं नाही का वाटत? बसा जरा." त्यांनी आपली पिशवी पुढे केली.

त्यानं पिशवीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, आणि फोन पुन्हा कानाला लावत तो दाराबाहेर पडला.